भाडेकरूसह विकलेले घर

मी, वय ५४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार दुकानाच्या वरचा मजला, सगळे मला मास्तर म्हणतात. ठाण्यात समक्ष येऊन सांगतो ते असे:

दुकान सव्वीस वर्षांचे आहे. गुंतवणुकीचा अनुभव शून्य. मागील वर्षी एक दलाल कोट शिवायला आला. माप देताना म्हणाला, "मास्तर, दुसरं घर घ्या. कर्ज तुमच्या नावावर, हप्ता भाडेकरू फेडेल." मी नवखा, म्हणून विचारले की स्वतःचे किती घालावे लागतात, हप्ता चुकला तर काय. त्याने सर्व उत्तरे दिली. राहते घर तारण ठेवा, हे त्यातलेच एक. बायको म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका." मी लागलो.

त्याने दाखवलेल्या घरात भाडेकरू आधीच होती. "म्हातारी आहे, एकटी आहे, कुठं जायची नाही." घर आतून पाहू का, असे मी विचारले. "नवखी माणसं हेच करतात. भाडेकरूला त्रास द्यायचा नसतो." अस्तर उलटून पाहिल्याशिवाय मी कापड घेत नाही. घर मात्र रस्त्यावरून पाहून घेतले. याची मला लाज वाटते. मालकिणीचे मुखत्यारपत्र दाखवून दलालानेच विक्रीची सही केली.

भाडे तीन महिने दलालामार्फत आले. नंतर भाडे बंद, त्याचा फोनही बंद.

काल सकाळी अकरा वाजता मी तगादा लावायला गेलो. दारावरची पाटी खरेदीखतातल्या मालकिणीच्या नावाची होती. दार म्हातारीने उघडले. भिंतीवर दलालाचा फोटो होता, अंगात मी शिवलेला कोट. "मुलानं पाठवलं का तुम्हाला?" त्यांनी विचारले. मी भाड्याचे बोललो तेव्हा हसल्या. "अहो, माझ्याच घराचं भाडं मी कुणाला देऊ?" मुलाने विजेच्या मीटरसाठी म्हणून कचेरीत नेऊन सह्या घेतल्या होत्या. "पोटच्या पोराचे कागद कुणी वाचतं का? बरा आहे ना तो?" मी बरा आहे म्हणालो, पाणी प्यालो आणि निघालो.

दोन हप्ते थकले आहेत. बँक म्हणते, ते घर रिकामे करून विका, नाहीतर राहते जाईल. म्हातारीला बाहेर काढायला पोलीस मिळतील का, हे विचारायला मी आज आलो होतो. बाकावर दीड तास बसलो आणि ते विचारणार नाही असे ठरवले. तक्रार फक्त मुलाविरुद्ध आहे. बायकोला अजून सांगितलेले नाही.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, मी सांगितले तसेच आहे. म्हातारीलाही वाचून दाखवावे लागेल, असे ते म्हणाले. वाचण्याआधी त्यांना बसायला खुर्ची द्यावी, एवढे खाली लिहून घेतले आहे.