सम तारखेची ठकी, विषम तारखेची मैना

व्यासपीठावर विराजमान असलेले समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आदरणीय प्रमुख पाहुण्या, आजच्या सत्कारमूर्ती आणि सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या बालवाडीच्या मोठ्या बाई, सहकारी शिक्षिका, पालकवर्ग, आणि पुढच्या रांगेत खुर्चीवर बसण्याऐवजी खुर्चीखाली बसलेले आमचे विद्यार्थी,

बाईंच्या कार्याचा आढावा अध्यक्ष महोदय घेणारच आहेत. त्यांची सहकारी या नात्याने मी एकाच विषयाकडे आपलं लक्ष वेधू इच्छिते: मुलाचं घरचं नाव ठरवावं कसं? विषय किरकोळ वाटतो ना? ज्यांना वाटतो, त्यांच्या घरी बहुधा एकच आजी असावी.

उदाहरण घेऊ. संबंधित कुटुंब सभागृहात हजर आहे आणि मी परवानगी घेतली आहे. दोन्ही आज्यांची, स्वतंत्रपणे. या घरात मुलीचं नाव ठेवलं ते भारदस्त, पाच अक्षरी. एका हातात दुधाची बाटली आणि दुसऱ्या हातात बाळ असताना ते पूर्ण होईना. म्हणून आईच्या आईने 'ठकी' सुरू केलं. वडिलांच्या आईने त्याच दुपारी 'मैना' सुरू केलं. दोघींचं घर एक, स्वयंपाकघर एक. पण बोलणं बंद झालं. मिठाचा डबा मागायचा तोही मुलीच्या वडिलांमार्फत.

हे वडील बस आगारात वेळापत्रकं आखतात. त्यांनी घरालाही वेळापत्रक लावलं: सम तारखेला ठकी, विषम तारखेला मैना. निर्दोष वाटतं? आता एकतीस दिवसांचा महिना घ्या. एकतीस विषम, आणि पुढची एक तारीखही विषम. म्हणजे सलग दोन दिवस मैना. ठकीपक्षाने रीतसर हरकत नोंदवली.

आणि मूल? ते रोज सकाळी गादीवर उठून बसायचं आणि विचारायचं, "आज मी कोण?"

इथे मात्र हसू आवरून क्षणभर थांबू या. बालवाडीत ही मुलगी कोणाच्याही हाकेला धावू लागली. एकदा दुसऱ्याच मुलाच्या काकांनी फाटकातून हाक मारली, तर ही दप्तर घेऊन त्यांच्या स्कूटरवर चढूनही बसली. बाईंनी तिला उतरवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही आज्यांना बोलावणं धाडलं.

बाईंची पद्धत समजावून सांगते, कारण ती शास्त्रशुद्ध आहे. घरचं नाव पाळण्यापाशी ठरत नाही. मूल खेळात दंग असताना, लांबून, खाऊ न दाखवता हाक मारायची. मूल उठून आलं, तर ते नाव त्याचं. त्याप्रमाणे आज्या फाटकाशी उभ्या राहिल्या. नात वाळूत. ठकी म्हणून झालं, मैना म्हणून झालं, सूर चढत गेले. समोरच्या इमारतीतला शिंपी टेप गळ्यात तसाच ठेवून खिडकीत आला. नात तसूभर हलली नाही.

मग बाई स्वतः वाळूत बसकण मारून बसल्या आणि घरात कोणीच न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला, "तुला कोण व्हायचंय गं?"

वाळूची बादली सावरत तिने सांगितलं, "डंपर."

"बरं. डंपर, आजी आल्यात. माल उतरव आणि चल."

आणि सज्जनहो, ती आली. घरघर आवाज करत, वळणावर हॉर्न देत.

परतीच्या वाटेवर दोन्ही आज्या कित्येक महिन्यांनी एकमेकींशी बोलल्या. विषय असा, की आपल्या नातीला ट्रकचं नाव देणाऱ्या या बाई स्वतःला समजतात कोण? तक्रार इतकी मनापासून होती की घर आलं तरी संपेना. ती स्वयंपाकघरात पुढे चालू राहिली आणि तिच्या भरात मीठ परस्पर मागितलं गेलं.

आठवडाभर दोघींनी हट्टाने नुसतं 'बाळ' म्हणून पाहिलं. बाळ बधेना. शेवटी एका दुपारी ताटं निवू लागली, तेव्हा वडिलांची आई गॅलरीत गेली, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि पुटपुटली, "डंपर, जेवायला ये."

आतून आवाज आला, "विहीणबाई, जरा मोठ्याने. एवढ्याशा हाकेने अवजड वाहन वळतं का?"

मोठ्या बाई, उद्यापासून त्या फाटकाशी मी उभी राहणार आहे. आपल्याला उदंड आरोग्य लाभो. मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल संस्थेची मी ऋणी आहे. ओघात कोणाचा उल्लेख उणाअधिक झाला असल्यास, किंवा याच बालवाडीत वाढलेल्या आपल्या अध्यक्ष महोदयांना मघाशी चहाच्या वेळी मी 'गुटगुट्या' अशी हाक मारली असल्यास, मोठ्या मनाने क्षमा करावी. त्यांनी हातातला कप ठेवून "आलो" म्हटलं, एवढीच नम्र नोंद करते आणि आपली रजा घेते.