शीतलची मुलाखत आणि हातभर वायर

गावात इंटरनेट नीट येत नाही म्हणता ना, मग आमच्या सणसरचं ऐका. बंगळुरूहून शिकून परत आल्यावर मी हट्टानं घरी फायबर घेतलं. इथल्या मुलींनी नोकरीसाठी गाव सोडायला नको, हे माझं वेड. त्यात पहिली माझी चुलतबहीण शीतल. अकराला तिची ऑनलाइन मुलाखत होती, आणि माडीवर वायफायवर चाचणी करून पाहिली तर चित्र सारखं अडकत होतं.

तिचे वडील, आमचे तात्या, चिडले. "जोडणीवाल्यानं फसवलं. चल इंदापूरला, इचारतो त्याला."

"तात्या, वायरीतून पुरेपूर येतंय. वायफाय हवेतून जातं, भिंतींत जिरतं, वर घरातले सगळे फोन त्यातूनच ओढतात."

"म्हंजी पाटाचं पाणी. आन् वायर म्हंजी पाइपलाइन."

"होय."

"मग पोरीला पाइपलाइनीवर बसीव की. भाषण कशाला देतूस?"

राउटर स्वयंपाकघरात आणि त्याला जोडायची वायर हातभर. शीतल पिठाच्या डब्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसली, काकूनं भाकरी थापायची थांबवली, तात्या दारात उभे राहिले.

मुलाखतीच्या शेवटी पलीकडचे साहेब म्हणाले, "तुमचं वायफाय आमच्या ऑफिसपेक्षा बरं दिसतंय."

शीतलच्या आधी तात्याच बोलले, "वायफाय न्हाय सायेब, पोरगी वायरीवर हाय. बिनघोर इचारा."

साहेब हसले. "छान. मग सोमवारपासून त्याच जागेवरून काम सुरू करा."

काकू म्हणाली, "रोज हितंच? मग आमी जेवायचं काय?"