ओठांवर तूप, बेंबीत तेल

…आणि वरून मलाच विचारतात, काका, ओठ काहून असे करून ठेवले? अरे, मी करून ठेवले? थंडीनं केले. सकाळी सायकल काढली की नर्मदेकडचा वारा तोंडावर किसणीसारखा फिरतो, अन् नेमका कुठं फिरतो, तर ओठावर. कानाला मफलर आहे, डोक्याला टोपी आहे, हाताला खिसा आहे. ओठाला काय आहे? सांगा ना. काहीच नाही. देवानं सगळं अंग कातड्यात गुंडाळलं अन् ओठापाशी येऊन त्याचं कापड संपलं. मग तो फुटतो, उलतो, भाजीतलं मीठ लागलं की आत बसलेला माणूस उभा राहतो. तुम्हाला सांगतो, दोन बोटांची जागा, पण रुबाब पाहा.

मी शाळेत फार गेलो नाही. खरादावर, म्हणजे लेथवर, लोखंड कातलं, जन्मभर. लोखंडाला तेल लागतं हे मला ठाऊक होतं, ओठाला लागतं हे कोणी सांगितलं नाही. अन् मला ओठांचं कामही कमी. बोलणं थोडं, हसणं त्याहून थोडं. पण शंख… शंख मात्र मीच. आमच्या दत्तमंदिरात दत्तजयंतीला संध्याकाळी जन्म होतो ना, तेव्हा पाळण्यापुढं पडदा ओढलेला असतो अन् पडद्याच्या आत एकटा मी. आत शंख झाला की पाळण्यापुढचा पडदा सरकतो, मी उरलेल्या पडद्याआडच असतो, फुलं पडतात, बाया पाळणा म्हणतात. आधी माझे वडील फुंकायचे, मग मी, शंख तोच. फुंकणारा कोणाला दिसत नाही. पण शंख कोणाचा ते सगळ्यांना कळतं, कारण माझा शंख मधेच एकदा अडकतो. चालता चालता ठेच लागावी तसा. मग सावरतो अन् पुढं जातो. बाहेर लोक म्हणतात, आली काकांची ठेच, उघडा पडदा. वडिलांना ठेच लागायची नाही. मला लागते. का लागते, ते मी कधी पाहिलं नाही. आहे ते आहे.

तर यंदा जयंतीच्या आदल्या संध्याकाळी आरतीला शंख लावला ओठाला, अन् फुर्र. फक्त हवा. पुन्हा लावला, तर ओठ मधोमध उलला अन् शंखाच्या तोंडाला रक्त. माझे वडील पाहून राहिले असतील वरून… जाऊ द्या. पाहिलं खालच्यानं. भय्यासाहेब. आमच्या मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून रिटायर झालेले, राइट टाउनात राहतात अन् जगातल्या प्रत्येक गोष्टीला ‘सोपं करून टाकू’ म्हणतात. आले जवळ, खांद्यावर हात ठेवला, म्हणे, “काका, किती त्रास करून घेता या वयात? माझ्या मोबाईलमध्ये शंखनाद आहे, एकदम ओरिजिनल. स्पीकरला जोडला की झालं. सोपं करून टाकू.”

म्हटलं, “भय्यासाहेब, शंखाला बटण नसतं.”

“बघू की. उद्या तुमचे ओठ काय म्हणतात ते बघू. मी आपला मोबाईल तयार ठेवतो, चलो.”

म्हणजे पाहा, बापाचा शंख, माझं तोंड, अन् फैसला कोण करणार, तर ओठ. ऑटोत बसलो सराफ्यातल्या घरी यायला, तर तो ऑटोवाला आरशातून पाहून, आमच्याकडे थोरल्या भावाला हाक मारतात तशी मारून, म्हणे, “काय बड्डे, मौन व्रत चल रहा है क्या?” उत्तर द्यायला तोंड उघडलं तर पुन्हा उलला. दोन बोटांची जागा, तुम्हाला सांगतो.

घरी आमची विनता पनागरचे मटार सोलत बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणे, “काय झालं? तोंड दाखवा.”

म्हटलं, “तोंडात काय पाहायचं आहे?”

“लग्न झाल्यापासून मीही तेच विचारून राहिले.”

तेवढ्यात नात आली, दुर्वा. कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून निघताना अर्धं हिंदी होऊन निघतं. तिनं माझी हनुवटी धरली, माझी, जिला तिच्या बापानं कधी हात लावला नाही, अन् दिव्याकडे वळवून पाहिलं. म्हणे, “आजोबा, तुम्ही दिवसभर जीभ फिरवता ना ओठांवर? बस, वही गड़बड़ है. थुंकी सुकते, ओठांना अजून सुकवते. और सुनो, ओठांना घाम येत नाही. त्यांचं स्वतःचं तेल पण नसतं. जे आहे ते आपणच द्यायचं, अन् रात्रीच द्यायचं.”

एवढं वय झालं, ओठ जन्मापासून माझ्याच तोंडावर आहेत, अन् त्यांना घाम येत नाही हे मला माहीत नाही? मे महिन्यात जबलपूर भट्टीसारखं तापतं, कपाळ गळतं, पाठ गळते, अन् हे दोघं मधे कोरडे बसून असतात? पाहा म्हटलं. काय चीज आहे.

मग तिनं तिची डबी काढली. गुलाबी. वास घेतला तर स्ट्रॉबेरी. म्हटलं, “बाई, तुझी डबी चांगलीच असेल, पण उद्या या ओठाला देवाचा शंख लागणार आहे. त्याला स्ट्रॉबेरी चालणार नाही.” विनता म्हणे, “मग तूप लावू, तूप तर देवालाही चालतं.” इथपर्यंत ठीक होतं. पण आमच्या गल्लीत उपाय बोलवावे लागत नाहीत, ते भिंतीवरून येतात. शेजारची शुक्लाइन भिंतीवर उगवली अन् म्हणे, “अरे काकी, तूप-ऊप सब ठीक है, असली इलाज तो नाभि है. सोते समय नाभि में सरसों का तेल डाल दो. सुबह होंठ गुलाब.”

मी म्हटलं, “भाभी, दुखणं वर आहे. तेल खाली घालून काय होणार?”

“काका, नल सूखा हो तो पानी टंकी में डालते हैं कि टोंटी में?”

आता बोला. मी जन्मभर मशीन चालवलं, कुठं तेल घातलं की कुठला भाग फिरतो ते मला विचारा. पण बेंबीतून ओठाला नळी कुठून जाते, ते काही सापडेना. आजही नाही. शोधून राहिलो.

रात्री तयारी झाली. तयारी म्हणजे, नवरदेवाची नसेल झाली अशी. आधी दुर्वानं कोमट पाण्यात मऊ फडकं भिजवून ओठांवर ठेवलं. सुटलेली साल मी नखानं ओढायला गेलो तर हातावर चापट. ओढायची नाही म्हणे, भिजू द्यायची, जी सुटायची ती सुटेल. मग विनतानं तुपाचा लेप दिला, मिशीसकट. खोलीत शेगडी होती ती विझवली, उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं, हवा कोरडी नको म्हणून. मग बेंबीत सरसोंचं, म्हणजे मोहरीचं तेल. ते सांडू नये म्हणून उताणा झोपलो. हात ओठांना लागू नये म्हणून छातीवर जुळवून ठेवले. एवढं झालं, तर विनता म्हणे, “पण तुम्ही तोंड उघडं टाकून घोरता. सगळं तूप वाळून जाईल.” अन् तिनं माझा मफलर घेतला, हनुवटीखालून वर नेला अन् टाळूवर करकचून गाठ मारली.

पडलो. अन् खरी परीक्षा तिथून सुरू झाली. जीभ. आतून तिला वास लागला तुपाचा. कारखान्यात माझ्या एका नजरेनं पोरं सरळ व्हायची, अन् इथं माझीच जीभ माझं ऐकेना. दाताआड कोंडून ठेवली तिला. एवढासा ओठ, पण त्याच्यासाठी अख्खा माणूस मोळीसारखा बांधून पडला होता. दोन बोटांची जागा, पण रुबाब पाहा.

सकाळी काय झालं, विनता आंघोळीला गेली, दूधवाल्यासाठी दार उघडं ठेवून. शुक्लाइन आपला इलाज पाहायला आत आली. तिनं काय पाहिलं? म्हातारा उताणा. हात छातीवर. हनुवटी बांधलेली. ओठांवर तूप. अन् डोक्याशी देवघर, त्यात दिवा.

तिनं जो सूर लावला, तुम्हाला सांगतो, असा शंख माझ्या बापालाही लागला नसता. “हाय राम, काकी, काका तो चले गए. अरे कल तो बोल रहे थे, कल तो भले-चंगे बोल रहे थे.” अर्धी गल्ली दारात. कोणी चपला काढून राहिलं, कोणी डोक्यावरची टोपी. एक जण तर विचारून राहिला, मुलाला कळवलं का. मी डोळे उघडले, बोलायला गेलो, तर मफलर. मग दोन्ही हातांनी मफलर उपटला अन् सगळा जीव लावून ओरडलो, “कोण गेलं?”

अन् मग मफलर हातातच राहिला.

कारण दुखलं नाही. एवढं तोंड उघडलं, ओठ ताणला, अन् उललं काहीच नाही. बोट लावून पाहिलं. दुर्वा जन्मली तेव्हा तिच्या टाचा होत्या ना, तसं लागलं हाताला. माझ्या तोंडावर. या तोंडावर. मी बोट फिरवतच राहिलो, गल्ली उभी होती तरी. काल जिथून रक्त आलं, तिथं एका रात्रीत… कोणी केलं? मी तर झोपलो होतो. विनता ओल्या केसांनी धावत आली, म्हणे, तूप. दुर्वा म्हणे, जीभ नाही फिरवली ना, म्हणून. अन् शुक्लाइन, जी आताच मला रडून मोकळी झाली होती, पदरानं डोळे पुसत म्हणे, “देखा? नाभि.”

संध्याकाळी पडद्याआड उभा राहिलो. बाहेर भय्यासाहेबांचा आवाज, “काका, जमेल ना? मोबाईल तयार आहे हं.” शंख ओठाला लावला. तो बसला. आजवर कधी बसला नव्हता असा बसला. फुंकला अन् निघाला… निघाला… जिथं ठेच लागते ती जागा आली अन् गेली, ठेच नाही. पुढं जाऊन राहिला, जाऊन राहिला, छातीतला श्वास संपला तेव्हाच संपला. अन् तेव्हा लक्षात आलं. दत्तजयंती येते थंडीत. दरवर्षी ओठ फुटलेला असतो. ती ठेच शंखाची नव्हती, माझ्या छातीचीही नव्हती. ओठाची होती. वडिलांना आई रोज रात्री तूप लावून द्यायची, ते मी पाहिलं होतं अन् हसलो होतो. दोन बोटांची जागा. माणूस तिच्याकडे पाहत नाही, अन् सगळा आवाज तिथून जातो.

शंख पुसला, कापडात बांधला, पडद्यातून बाहेर आलो. फुलं पडून झाली होती, पाळणा सुरू होता. समोर भय्यासाहेब, हातात मोबाईल, तोंड उजळलेलं. म्हणे, “ऐकलंत का काका? काय क्लिअर. कुठं अडकला नाही, काही नाही. तुम्ही फुंकलाच नाही ते बरं केलं. मी बटण दाबलं अन् झाला जन्म.”

मी स्पीकरकडे पाहिलं. त्याची वायर खिळ्याला लटकून राहिली होती. जोडलीच नव्हती.

मागं दोघी तिघी म्हाताऱ्या बोलत होत्या, “यंदा काकांची ठेच नाही आली बाई. ओठ फाटले म्हणे बिचाऱ्यांचे.” अन् एकीनं माझ्या हातावर दुसऱ्यांदा सुंठवडा ठेवला. दयेचा. दुर्वा माझी बाही ओढून राहिली, “आजोबा, बोलो ना, तुम्हीच वाजवला.” विनता डोळ्यांनी म्हणून राहिली, सांगा. मी सांगू? मी? आमच्या घराण्यानं शंख फुंकला आहे, ढोल नाही पिटला.

भय्यासाहेब म्हणे, “पुढच्या वर्षीही असंच ठेवू. सोपं.”

तर रात्री विनता तुपाची वाटी घेऊन आली. म्हटलं, ने परत. बेंबीचं तेलही नको. तेव्हापासून तुम्हाला सांगतो, मी पहाटे सायकल काढतो, मफलर घरी ठेवतो, अन् गावभर ओठांवरून खुशाल जीभ फिरवून राहिलो. उलू दे. पुढच्या वर्षी शंख मधेच अडकला पाहिजे. नाही तर लोकांना कळणार कसं, पडद्याआड माणूस आहे म्हणून.