अनुराधपूर बघून आल्यावर

भुकूमच्या थांब्यावर मृण्मयी ऑफिसच्या बसची वाट बघत होती. बाकावर तिच्याशेजारी पांढरं लुगडं नेसलेल्या प्रभावतीबाई बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांचे दीर साहेबराव आले.

“जय भीम, वहिनी! श्रीलंकेवरनं कवा आलात?”

“जय भीम, भावजी. परवाच आले.”

“अनुराधपूर बगितलं?”

“व्हय. एवढी मोठी राजधानी, आता निस्ते दगडी खांब उभे हायेत. पर बोधिवृक्षाखाली अजून मानसं फुलं घेऊन बसत्यात.”

“आन् पोलोन्नरुवा?”

“तितं कातळात बुद्ध झोपल्यात. डोक्याखालच्या दगडी उशीला खळगा पडलाय, जनू खरीच हाय.”

“दादाची लई विच्छा हुती.”

“दोगांनीच जायाचं ठरलं हुतं. ते न्हाई ऱ्हायले, म्हनून मी गेले.”

“मग मन भरलं का?”

“न्हाई वो. समदं घरी जाऊन ह्यान्ला सांगायचं, म्हनून ध्यानात ठेवत फिरले. दाराचं कुलूप काडलं, तवा कळलं.”

मृण्मयीची बस आली, थांबली; पण ऐकण्यात गुंतलेली ती उठलीच नाही आणि बस तिला न घेताच निघून गेली.

“परत जायाचंय, वहिनी?”

“जायाचंय. एकदा माझ्यासाटी बगायचंय.”