ऑर्विल टेगन यांचं लक्ष कुठे होतं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कॉटनवुड रायफल क्लबचे चेअरमन श्री. क्लेटन रस्क, व्यासपीठावरचे शेरीफसाहेब, सत्कारमूर्ती श्री. ऑर्विल टेगन, त्यांच्या पत्नी लोरेनवहिनी, आणि खिमा-राजम्याच्या चिलीचा वाडगा नि दालचिनीचा रोल सांभाळत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी वर्ना स्टोल्झ. इथल्या बायकांना नेमबाजी शिकवते. दोन गोड शब्द बोल आणि खाली बस, अशी मला सूचना आहे. बोलते. ऑर्विलनी वीसेक वर्षं आपलं मैदान सांभाळलं, आणि त्या सगळ्या काळात तिथून त्यांच्याखेरीज कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. झाले गोड शब्द. आता अध्यक्षमहाराजांनी मघाशी हसत हसत जे वाक्य टाकलं, त्याकडे वळते. "वय झालं की लक्ष थोडं इकडेतिकडे होतंच, ऑर्विलनी ऐनवेळी हात मध्ये घालायला नको होता." असंच म्हणालात ना, क्लेटन? ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लक्ष कुठे होतं ते मी सांगते. फाटकावर दोरीला बांधलेलं चुंबक घेऊन कोण बसायचं? प्रत्येकाच्या काडतुसाला लावून बघायचे. चिकटलं, म्हणजे पोलाद. गाडीत ठेवून या. तुम्ही त्यांना चुंबकबुवा म्हणायचात. "बुवा, प्रसाद द्या!" करत तळहात पुढे धरायचात. ते बिचारे समजावत बसायचे, "अरे, काडतुसाची पितळेची पुंगळी बार उडताना फुगते, मागची फट बंद करते आणि परत आकसते. पोलाद आखडू असतं. ते नीट फुगत नाही, काजळी मागे येते, मग पुंगळ्या अडकतात." शिवाय गोळीवरही पोलादाचा पत्रा असला, तर लोखंडी निशाणावर ठिणगी उडते. ऑगस्टमध्ये आपलं गवत कसं असतं, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?

मग आली स्पर्धा. हायवेवरच्या दुकानदाराने मंडप दिला आणि आपल्या स्वस्त काडतुसांची खोकी फाटकातच मांडली. चेअरमनसाहेब म्हणाले, "ऑर्विल, आजच्या दिवस ते चुंबक खिशात ठेवा हो. पाहुणे बिथरतात." पाहुण्यांची केवढी ती काळजी! क्लेटन, 'वर्ना, पुरे' असं पुटपुटू नका, मला ऐकू येतंय.

चेअरमनसाहेबांचा जावई डॅरल, तो बघा मागे दाराशी बसलाय, त्याने तीच खोकी घेतली. सकाळपासून त्याच्या रायफलीत पुंगळ्या अडकत होत्या. आणि आपण सगळ्यांनी हाताला वळण काय लावून घेतलंय? ठोक, ओढ, झाड! मॅगझिनला खालून थाप, बोल्ट मागे, पुन्हा चाप. झोपेतून उठवलं तरी करू. डॅरलने सकाळभर तेच केलं, आणि प्रत्येक वेळी निभावलं. दुपारी त्या मालातलं एक काडतूस निघालं, ज्यात दारू नावालाच होती. आवाज झाला फुस्स. गोळी नळीतच रुतली. डॅरलला वाटलं, परत पुंगळी अडकली. ठोक. ओढ. ऑर्विल ओरडले, "थांब! नळी तुंबलीय!" कानावर आवाज अडवणारे मफ लावलेला माणूस काय ऐकणार? तेव्हा या सत्तरीच्या गृहस्थाने झेप घेतली, डाव्या हाताने नळी पकडून त्याच्या तोंडापासून लांब ढकलली, आणि चाप ओढला गेला. नळी फुटली. ऑर्विलची तीन बोटं गेली. डॅरलच्या भुवईला ओरखडासुद्धा आला नाही.

सांगा आता, लक्ष कुणाचं नव्हतं? बाजूला एवढे बार उडत असताना तो फुस्स आवाज ऐकला कुणी? आणि निरोपाची भेट काय देतो आपण, तर रायफल! लोरेनवहिनी, माफ करा मला, पण टकल्याला कंगवा देण्यातला हा प्रकार आहे. जिभेला हाड नाही म्हणा हवं तर, मला संताप आलाय.

उद्या हे दोघं मुलीकडे कायमचे राहायला चाललेत. मागे गावात काय उरणार? म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं, एवढंच. मघाशी पाय चेपत बसले होते बाहेर, तेव्हा मला म्हणाले, "वर्ना, बोटांचं जाऊ दे गं. पण माझं लक्ष होतं, एवढं कुणीतरी चारचौघांत म्हणा." मी म्हटलं. पण माझ्या म्हणण्याला कोण विचारतो? मी तेव्हा पार पलीकडच्या रांगेत होते. त्या रायफलीच्या मागे एकच माणूस होता, आणि तो तेव्हापासून गप्प आहे.

स्वयंपाकघरात सकाळपासून राबणाऱ्या भगिनींचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. उणंअधिक बोलले असेन तर पोटात घाला. नाही घातलंत तरी माझी तक्रार नाही. डॅरल, ऊठ बाळा. सासऱ्यांकडे बघू नकोस. इकडे ये, माइक चालू आहे.