टेकडी जागी झाली तेव्हा

चहा निवला तरी चालेल, पण आमच्या टेकडीचं ऐका. घोडबंदरला घरामागे ती बुटकी टेकडी हाय ना, ती म्हणे विझलेला ज्वालामुखी. परळहून नव्या सोसायटीत आलेले सावंतसाहेब पाहुण्यांना ती गॅलरीतून कौतुकानं दाखवायचे.

थंडीतली संध्याकाळ होती. टेकडीवरच्या खळग्यात आम्ही पोपटी लावलेली. वालाच्या शेंगा नि अंडी पाल्यात भरून मडकं उपडं घातलं, वर पेंढा पेटवला. धूर धुक्यात मिसळला नि टेकडी झोपेत श्वास घेतेय असं मलाच वाटायला लागलं.

तेवढ्यात साहेब धापा टाकत आले. "काका, हा धूर कसला?"

मी हळूच म्हणालो, "जागा होतोय तो."

"अहो, आम्ही कायमचे राहायला आलोय इथे!" म्हणत साहेब बायकोला घराबाहेर काढायला पळाले.

थोड्या वेळानं वहिनीच वर आल्या, साहेबांना हाताला धरून ओढत. मडक्याजवळ बसून त्यांनी डोळे मिटले, वास घेतला.

"अहो, मी अलिबागची. असला ज्वालामुखी माझे बाबा दर हिवाळ्यात पेटवायचे. काका, लाव्हारसात ओवा घातलाय ना?"

मी मडकं उघडून शेंगा पुढे केल्या. साहेबही बसले, पण शेंगा खाताना एक हात जमिनीवर ठेवूनच.