मिस्टर अदुसेईचा पहिला नंबर

हॅलो?... हां बिरागो, बोल... दुकानातच आहे, सलूनची पाटी रंगवतेय. हात बरबटलेत, फोन खांद्यावर धरलाय... काय ऐकलंस? सेर्वाच्या वर्गाबद्दल?... मला काय करायचंय तिच्या वर्गाशी!

जळत नाही गं मी... नाही म्हटलं ना!... बरं, जळते. सहा वर्षं आम्ही दोघींनी इथं बंतामात जोडीनं पाट्या रंगवल्या. ती गेली सोडून. आता मशीनला काय लिहिलं की चांगलं चित्र मिळतं, ते व्हॉट्सॲपवर शिकवते. आपल्या ट्वी भाषेत बोलून धडे पाठवते. नऊशे माणसं ऐकतात! काल माझ्या दारात एक बाई आली. मला वाटलं गिऱ्हाईक. तर सेर्वाचा नंबर मागायला!

हो, हो... अगं ऐक ना. मशीनला काय कळतंय? उखळात कंदांचा फुफू कांडणारी बाई मागितली, तर हाताला सहा बोटं... मला कसं माहीत?... असंच...

बरं, सांगते. पण आईला बोलायचं नाही. मी आहे त्या वर्गात... हो! नवं सिम घेतलं. नाव ठेवलं मिस्टर अदुसेई... हसू नकोस! चुका काढायला गेले होते... नाही सापडल्या. आधी उजेड कुठून येतो ते लिहा म्हणते, मग कपडा, मग चेहरा. बरोबर सांगते मेली. तेच तर झोंबतं!

मग तिनं गृहपाठ दिला, सलूनची पाटी शब्दांत लिहा. म्हटलं, आता दाखवतेच. मानेजवळची वेणी किती बारीक, तेल लावल्यावर केस कुठे चमकतात, हार्मॅटनच्या कोरड्या वाऱ्यातल्या धुळीत निळा रंग कसा फिका पडतो... सगळं लिहिलं. काय चित्र आलं गं! पाहतच राहिले.

हां, पहिला नंबर. अदुसेईचा... आणि आज सगळ्यांसमोर म्हणते, "मिस्टर अदुसेई, पुढचा धडा तुम्ही शिकवा. तुमच्या आवाजात."

माझ्या नवऱ्याला बोलायला लावू?... ओपोकूला? त्याला वेणी आणि दोरखंड सारखेच!... आणि का लावू? सकाळपासून लोक अदुसेईला डोक्यावर घेतायत. शब्द माझे, नजर माझी, आणि वाहवा त्याची? जगात नसलेल्या माणसावर जळतेय मी, बिरागो!

...काय? नुसतं नाव सांगू?... एवढंच?... थांब. दुसरा फोन घेते...

"सेर्वा, मी पोकुआ. अदुसेई बिदुसेई कुणी नाही. मीच."

...गेलं. पाठवलं गं... ऐकलं तिनं... लिहितेय... थांबली... परत लिहितेय... अगं बाई, फोनच आला तिचा! काय बोलू?... नाही, नाही, आधी मीच बोलणार. दर वेळी काय तिनंच आधी बोलायचं? ठेव... अगं ठेव ना!